कासवांच्या कुरणात

लक्षद्वीपला निघाले म्हटल्यावर रत्नागिरीत ज्याने त्याने एकच विचारलं, "प्रवाळ बघायला का?" सागरी जीवशास्त्राचा प्रबंध, त्यातून लक्षद्वीप, म्हणजे रंगीत प्रवाळ आणि त्यांतून सुळकन पळणारे मासे, असंच कोणाच्याही डोळ्यांसमोर येणार. मी गवत मोजायला चालले होते. हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. "अगो, गवत मोजायला समुद्रापार कशाला जायला हवं? आपल्या आगरात काय कमी माजतं?"

हे गवत समुद्राच्या तळाशी उगवतं. त्याला मुळं असतात, पानं असतात, पाण्याखालीच फुलं येतात आणि परागही पाण्यातून वाहत जातात. शेवाळाच्या कुळातलं ते नव्हे. जमिनीवरच्या सपुष्प वनस्पतींमधल्या काही शाखा कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात परतल्या, त्यांचे हे वंशज. जगभरात त्याच्या जेमतेम साठ-सत्तर जाती आहेत. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाची भिंत यांच्यामधल्या उथळ पाण्यात, हे गवत एकेकाळी दाट होतं, आता विरळ खुंटांपुरतं उरलं आहे. ते कोणी संपवलं, याचं उत्तर मला पचायला जड गेलं. कासवांनी.

जड गेलं, कारण कासव म्हणजे वाचवायचा प्राणी हे मी वेळासच्या किनाऱ्यावर शिकले. मंडणगड तालुक्यातल्या या गावात 2002 साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी ज्या घरट्यांतली अंडी खाल्ली जात, तीच अंडी गावकरी कुंपणात सांभाळू लागले. शाळेत असताना आम्हाला तिथे नेलं होतं. टोपली उचलली की तळहाताएवढंही नसलेलं पिल्लू वाळूवरून समुद्राकडे निघायचं आणि पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी श्वास रोखून बघत राहायची. त्या वयात जगाची विभागणी सोपी असते. कासवं आपली, अंडी चोरणारे परके. अगत्तीला येऊन पहिल्यांदा लोकांच्या तोंडून ऐकलं, की एखाद्या गावाला कासवं जास्तही होऊ शकतात.

इथे यायचं म्हणजे आधी परवाना काढावा लागतो. मग कोचीहून जहाज, नाहीतर छोटं एटीआर विमान. कोचीपासून अगत्ती साधारण साडेचारशे किलोमीटरवर आहे. बराच वेळ खाली नुसतं गडद निळं पाणी दिसत राहतं आणि मग एकदम फिकट हिरवा, जवळजवळ दुधाळ पट्टा लागतो. त्याच्या काठाला नारळांची एक बारीक रेघ, तेच बेट. लांबी सात-साडेसात किलोमीटर, रुंदी जिथे सगळ्यात जास्त तिथेही एक किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेच्या टोकाला तर धावपट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना समुद्र, एवढंच. साऱ्या लक्षद्वीपची जमीन मोजली तर ती 32 चौरस किलोमीटर भरते, लगूनचं क्षेत्र मात्र सुमारे 4,200 चौरस किलोमीटर. इथल्या माणसाचं खरं वावर पाण्यात आहे, हे एवढ्या दोन आकड्यांवरून कळतं.

या बेटांचं आणि आपलं एक जुनं नातंही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा उसळून दख्खनचं पठार तयार झालं, त्याच ठिकाणावरून भारताचं भूखंड उत्तरेकडे सरकत गेलं. मागे समुद्राच्या तळावर ज्वालामुखींची रांग राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस हे त्या रांगेवरचे टप्पे. ते तप्त ठिकाण आज रीयुनियन बेटाखाली आहे. खालचा पाषाण हळूहळू खचत गेला आणि प्रवाळ त्याच्यावर थरावर थर चढवत पाण्याच्या पृष्ठभागापाशी टिकून राहिला. कंकणाकृती बेटं अशी घडतात, हा तर्क चार्ल्स डार्विनने 1842 सालच्या आपल्या पुस्तकात मांडला होता. म्हणजे अगत्तीत खोल खणत गेलं तर पांढऱ्या चुनखडीच्या खाली शेवटी आपल्या सह्याद्रीचा नातेवाईक असलेला काळा दगड लागेल. वर मात्र काळा खडा औषधालाही मिळत नाही. सगळी वाळू प्रवाळाची आणि शिंपल्यांची, आणि तिच्यातला बराच भाग पोपटमाशांच्या पोटातून आलेला. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा मेलेला पृष्ठभाग शेवाळासकट खरवडून खातात आणि चुना वाळू करून बाहेर टाकतात.

फेब्रुवारीतल्या एका दिवसाबद्दल सांगते. बाकीचे दिवसही थोड्याफार फरकाने असेच गेले. मोजणीच्या कामाला तोचतोचपणा सोसावाच लागतो.

इथे सूर्य मुंबईसारखाच उशिरा, सातच्या सुमाराला उगवतो. त्याआधी आम्ही सामान होडीत चढवत होतो. पन्नास मीटरचा टेप, पीव्हीसी पाइपच्या चौकटी, प्लॅस्टिकच्या पाट्या, त्यांना दोरीने बांधलेल्या पेन्सिली, जीपीएस, पट्टी, जाळीच्या पिशव्या. पेन पाण्याखाली चालत नाही, पेन्सिल चालते. सागरी विज्ञानातली पुष्कळशी माहिती शिसपेन्सिलीने लिहिलेली आहे, हे पुस्तकात कोणी सांगत नाही. आमच्या गटात बंगळुरूची एक सिनियर होती, तिची पीएच.डी. चालू होती. तमिळनाडूचा एक मुलगा आणि मी. होडी चालवायला साठीतले एक मच्छीमार. त्यांना सगळे इक्का म्हणत, म्हणून आम्हीही इक्का म्हणायचो. ते मला 'मोळे' म्हणत, म्हणजे मुली. त्यांची बोली मल्याळमच्या वळणाची जेसेरी, माझी हिंदी कोकणी वळणाची. मधल्या जागा हातवाऱ्यांनी भरत.

अगत्तीचं लगून बेटाच्या पश्चिमेला आहे. भरती-ओहोटीचा फरक आपल्याकडच्या मानाने फार थोडा. कोकणात ओहोटीला खडक उघडे पडतात, खेकडे दिसतात, तसं इथे होत नाही. पाणी कमरेवरून छातीपर्यंत येतं, एवढंच. इक्कांनी जीपीएसकडे न बघताच होडी थांबवली. सिनियरने यंत्र पाहिलं आणि मान डोलावली. नांगर नेहमी वाळूवर टाकायचा, प्रवाळाच्या डोक्यावर नाही, हा इथला पहिला नियम.

मास्क लावून पाण्यात तोंड घातलं की आवाज बदलतो. वरच्या लाटा, इंजिन, माणसं सगळं बंद होतं आणि बारीक तडतड ऐकू येऊ लागते. ती खडकांच्या फटींतल्या चिमुकल्या कोळंब्यांची, चिमटे फटकारल्याची. आम्ही टेप वाळूवर अंथरला. दर पाच मीटरवर अर्धा मीटर लांबी-रुंदीची चौकट टाकायची. आतल्या दोऱ्यांनी तिची पंचवीस घरं झालेली असतात. किती घरांत गवत आहे ते आधी बघायचं, मग एका कोपऱ्यातले कोंब एकेक करून मोजायचे. पानांची उंची पट्टीने घ्यायची आणि पानं कुरतडलेली असतील तर कोणी कुरतडली ते लिहायचं. मासा चावला की पानाच्या कडेला अर्धवर्तुळ पडतं. कासव मात्र पान आडवं, सरळ कापतं, विळा लावल्यागत.

थॅलासियाची पानं रुंद आणि जाड, सायमोडोसियाची अरुंद, आणि हॅलोफिला म्हणजे वाळूतून डोकावणारी छोटी लंबगोल पानं. पहिल्या दिवसांत मला तिन्ही सारखीच हिरवी दिसत. नंतर हाताला फरक कळू लागला. थॅलासिया सावकाश वाढतं, त्यामुळे सतत चरणाऱ्यापुढे आधी तेच माघार घेतं. सायमोडोसियाला वेग आहे, ते काही काळ झुंजतं. त्या सकाळच्या बहुतेक चौकटींत लिहायला फार काही नव्हतं. वाळू, वाळू, नखाएवढे चार खुंट, पुन्हा वाळू. रिकाम्या चौकटीतही शून्य लिहावंच लागतं. शून्य न लिहिता पुढे गेलं तर नंतर कळत नाही, की इथे गवत नव्हतं की इथे कोणी बघितलंच नव्हतं.

टेपच्या शेवटी पिंजरा होता. सळयांचा, जाळी लावलेला, मीटरभर लांबी-रुंदीचा आणि वाळूत घट्ट रोवलेला. कासवाला आत येता येत नाही, लहान मासे मात्र येतात-जातात. शेजारीच अर्धवट पिंजरा, दोन बाजू उघड्या. तो का, तर जाळीच्या सावलीने किंवा अडवलेल्या पाण्याने गवतात फरक पडतो का हे तपासायला. तिसरी जागा मोकळी, नुसत्या खुणेच्या खुंट्या रोवलेली. पूर्ण पिंजऱ्यात पाहिलं आणि स्नॉर्कलमधूनच ओरडावंसं वाटलं. आत पानं वीतभर वाढली होती. त्यांच्यावर बारीक शेवाळाची लव, त्या लवेत शिंपले, आणि एका पानाच्या आडोशाला पोपटी रंगाचं माशाचं पिल्लू. बाहेर मोकळ्या जागेत मात्र गाईगुरांनी खुरटवलेल्या मे महिन्यातल्या कोकणच्या सड्यासारखी स्थिती. पाणी तेच, वाळू तीच, ऊन तेच. मधे फक्त एक जाळी.

कासव दिसलं ते तिथून परतताना. आधी मला तो दगड वाटला. मग दगडाने मान वर केली. मोठं हिरवं कासव होतं. पाठीवरचं कवच तपकिरी, त्यावर सूर्याच्या किरणांसारख्या रेषा. 'हिरवं' हे नाव त्याच्या कवचावरून पडलेलं नाही, आतल्या चरबीच्या रंगावरून पडलं आहे. डोळ्यांच्या मधे खवल्यांची एकच जोडी दिसली, म्हणून ओळख पक्की. चोचीच्या कासवाला अशा दोन जोड्या असतात. लहानपणी हिरवी कासवं काहीही खातात, मोठी झाली की मुख्यतः गवतावर आणि शेवाळावर जगतात. पूर्ण वाढलेलं कासव दीडशे किलोपर्यंत भरतं. हे आमच्याकडे लक्ष न देता खुंट कापत होतं. कापल्याचा कचकच आवाज पाण्यात स्पष्ट येत होता. हिरवी कासवं एकाच जागी पुन्हा पुन्हा चरतात, कारण कापल्यावर फुटणारं कोवळं पान जास्त पौष्टिक असतं. कासवं थोडी असतात तोवर ही शेती दोघांनाही मानवते. ती फार झाली की गवताला पुन्हा फुटायला उसंत मिळत नाही. मुळांत साठवलेलं अन्न संपतं, मुळं कुजतात आणि ज्या वाळूला ती धरून होती ती वाळू सुटते.

सिनियरने कासवाच्या गालाचे फोटो घेतले. गालावरच्या खवल्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून तेच कासव पुढे ओळखता येतं. मग ते वर गेलं, एक श्वास घेतला, आणि दोनदा वल्ह्यासारखे हात मारून निळ्यात नाहीसं झालं. मी पाटीवर वेळ लिहिली. एवढ्या जवळून पाहिलेल्या पहिल्या हिरव्या कासवासमोर माझ्या कागदावर त्याचं नाव 'गवत कमी होण्याचं कारण' या रकान्यात होतं, आणि तरी ते बघून डोळे भरले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

दुपारी भात, चुऱ्याचं कालवण आणि नारळात परतलेला मासमीन. चुरा म्हणजे आपल्याकडच्या कुप्याच्या जातीचा मासा. तो उकडून, धुरी देऊन, उन्हात कडकडीत वाळवला की मासमीन होतो आणि लाकडासारखा महिनोन्‌महिने टिकतो. जेवताना इक्कांनी कासवांचा इतिहास त्यांच्या बाजूने सांगितला. त्यांच्या लहानपणी लाकडी होड्यांना कासवाच्या चरबीचं तेल चोपडत. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, कासवाला हात लावणं गुन्हा ठरलं, होड्यांनाही दुसरी रंगरोगणं मिळाली. "आधी वर्षानुवर्षं काही वाटलं नाही. मग ती येत राहिली. लगूनमध्ये होडीखाली कासव, जाळ्यात कासव. जाळं फाडून जायची. गवत गेलं, गवतातले मासे गेले. आम्ही सांगितलं, कासवामुळे मासा गेला. बाहेरची माणसं म्हणाली, कासव गवत खातं, मासा खात नाही, तुम्ही काहीतरीच सांगता."

यात पुढे काय झालं ते मला वाचनातून ठाऊक होतं. या शतकाच्या पहिल्या दशकात अगत्तीच्या लगूनमधली हिरव्या कासवांची दाटी जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या दाटींपैकी होती. रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षद्वीपच्या लगूनमध्ये वर्षानुवर्षं गवत, कासवं आणि मासे मोजले. 2010 सालच्या त्यांच्या शोधनिबंधात दाखवलं होतं, की कासवांच्या चरण्याने गवताचं कुरण मुळापासून बदलतं. 2013 साली ते मच्छीमारांच्या तक्रारीकडे वळले. ज्या लगूनमध्ये कासवं फार, तिथे गवतात राहणारे मासे खरोखरच कमी होते. कासव मासा खात नव्हतं, माशाचं घर खात होतं. त्याच वर्षी नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, की लगूनमधल्या गवताची जी काही वाढ होते तिचा सर्वांत मोठा वाटा कासवांच्या पोटात जातो. 2021 मध्ये मयुरेश गंगल आणि सहकाऱ्यांनी पुढचं दाखवलं: एका बेटाचं कुरण संपलं की कासवं पुढच्या बेटाकडे सरकतात. अगत्तीनंतर कदमत, कवरत्ती. एकामागून एक लगूनमधलं गवत नावापुरतं उरलं.

ही दोन मराठी आडनावं निबंधांवर पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा बरं वाटलं होतं. इक्कांसमोर बसल्यावर मात्र वेगळंच लक्षात आलं. निबंधांतला मूळ प्रश्न या माणसांनी आधीच विचारलेला होता. कारण त्यांनी थोडं चुकीचं सांगितलं असेल, परिणाम अचूक सांगितला होता. शास्त्राने जी गोष्ट चौकटी टाकून, पिंजरे रोवून, काही वर्षं घालवून सिद्ध केली, ती त्यांच्या जाळ्याने त्याआधी मोजली होती. फरक एवढाच, की जाळ्यातल्या शून्याची नोंद कुठल्या पाटीवर होत नाही.

"मग शार्क कुठे गेल्या?" तमिळनाडूच्या मुलाने विचारलं. मोठी शार्क कासवांना खाते आणि नुसत्या भीतीनेही त्यांना एका जागी फार वेळ चरू देत नाही. ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या उपसागरात हे अभ्यासलं गेलं आहे. इक्का हसले. "शार्क आम्ही काढली. तिच्या यकृताचं तेलही होड्यांना लागायचं." म्हणजे एका टोकाला खाणारा काढला, दुसऱ्या टोकाला खाल्ला जाणारा राखला आणि मधलं गवत कोणाच्याच यादीत नव्हतं.

दुपारनंतर खिंडीतून लगूनच्या बाहेर पडलो. इथे पाण्याचा रंग चाकूने कापल्यासारखा बदलतो. बाहेरच्या उतारावर माझं काम नव्हतं, सिनियरचे काही जुने बिंदू बघायचे होते. ज्यांनी घरी प्रवाळाबद्दल विचारलं होतं त्यांना सांगण्यासारखं मला इथे काहीतरी मिळेल असं वाटलं होतं. मिळालं, पण वेगळं. कितीतरी प्रवाळ उभेच होते, फांद्या शाबूत, पण मेलेले, शेवाळाने मढलेले. प्रवाळाच्या उतींत सूक्ष्म शैवाल राहतं. प्रवाळाचं बरंचसं अन्न आणि रंग त्यातूनच येतो. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. लगेच मरत नाही, उपाशी राहतो. पाणी लवकर निवलं तर सावरतो. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षांत मोठ्या प्रमाणावर झालं. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घ नोंदींनुसार 1998 पासून 2022 पर्यंत जिवंत प्रवाळाचं आच्छादन साधारण 37 टक्क्यांवरून 19 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आलं. पोपटमासे अजून खरवडत होते, वाळू अजून तयार होत होती. पण बेटाला पावसाळी लाटांपासून वाचवणारी भिंत या प्रवाळाचीच आहे. भिंत झिजली आणि आतलं वाळू धरून ठेवणारं गवतही गेलं, तर समुद्रसपाटीपासून दोन-चार मीटर उंचीच्या बेटाने उभं कशावर राहायचं?

पाण्याखाली असे प्रश्न पडत नाहीत. तिथे हवा, पाटी, पेन्सिल आणि पुढचा बिंदू एवढंच असतं. ते होडीत चढून टॉवेल गुंडाळल्यावर पडतात.

संध्याकाळी जेट्टीवर चुरा पकडणाऱ्या होड्या येत होत्या. इथली ही मासेमारी गळ-काठीची. मूळची मिनिकॉयची, 1960 च्या दशकात मत्स्य खात्याने इतर बेटांवर पसरवली. पहाटे लगूनमध्ये बारीक जाळ्याने चंदेरी आमिषमासे धरतात आणि होडीच्या पोटातल्या पाण्यात जिवंत ठेवतात. बाहेर चुऱ्याचा थवा दिसला की ते मासे पाण्यात उधळतात आणि फवाऱ्याने पाणी उडवतात. थव्याला वाटतं, पृष्ठभागावर खाद्य उसळतंय. मग मागच्या बाजूला ओळीने बसलेली माणसं काठीला बांधलेला बिनकाट्याचा गळ टाकतात आणि एकेक मासा डोक्यावरून मागे फेकतात. जाळ्यात अनवधानाने सापडणारं काही नाही, म्हणून जगभर या पद्धतीला मान आहे. पण सगळ्याचं मूळ त्या जिवंत आमिषात, आणि आमिष मिळतं लगूनमध्ये. खोल समुद्रातला मासा उथळ पाण्यातल्या माशावर टेकलेला, आणि उथळ पाण्यातला मासा प्रवाळावर आणि गवतावर. सकाळी चौकटीत मोजलेले नखाएवढे खुंट आणि जेट्टीवर ओतलेले चकचकीत चुरे यांच्यातलं अंतर मला तेव्हा कमी वाटलं.

इक्कांनी माझी ओळख दोन-तीन म्हाताऱ्या मच्छीमारांशी करून दिली. काय मोजता, किती पैसे मिळतात, लग्न झालं का, हे प्रश्न आटोपल्यावर त्यांतल्या एकाने मुद्द्याचं विचारलं. "मग आता काय? कासवं मारायची की ठेवायची?"

मी सांगितलं की मारायची नाहीत. कायदा आहे म्हणून नाही फक्त. गवत संपल्यावर बरीच कासवं इथून गेलीच आहेत. आता जे थोडं उरलं आहे ते पुन्हा वाढू शकतं का, किती दिवसांत, कुठे, हे पिंजऱ्यांतून कळेल. वाढलं तर त्याचे काही तुकडे काही काळ झाकून ठेवता येतील का, हेही बघता येईल. त्याने मान हलवली, पटल्याची नव्हे, ऐकल्याची. "कासव वाचवलंत. आता गवत वाचवाल. मग मासा वाचवाल. आमचा नंबर कितवा?"

लोक हसले, मीही हसले. पण उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि त्या माणसाला ते ठाऊक होतं. वेळासला जे शिकले ते मी खोडत नाही. तिथल्या घरट्यांवर आजही पहारा हवा, ती कासवं वेगळी, तो किनारा वेगळा. पण एखादा प्राणी राखायचा ठरवला की त्याच्या खाण्याची, त्याला खाणाऱ्याची आणि त्याच्या शेजारी पोट भरणाऱ्या माणसाची नोंदही त्याच दिवसापासून ठेवायला हवी. वाचवून झालं म्हणून मोजणी थांबवता येत नाही. खरी मोजणी तर तेव्हा सुरू होते.

रात्री खोलीत पाट्यांवरचे आकडे संगणकात भरले. एकाने वाचायचे, दुसऱ्याने टाइप करायचे, तिसऱ्याने पडताळायचे. शून्य, शून्य, तीन, शून्य. पाटी मग पावडर लावून घासायची म्हणजे सकाळी कोरी. काम संपल्यावर मी सिनियरला म्हटलं, की माझ्या प्रबंधात एक प्रकरण या म्हाताऱ्यांच्या आठवणींचं घालायचं आहे. गवत कुठे कुठे होतं, कधी विरळ झालं, कोणता मासा आधी गेला. ती म्हणाली, "घाल. फक्त त्यांनाही चौकटीसारखंच वागव. आधी पद्धत ठरव, सगळ्यांना तेच प्रश्न विचार आणि 'आठवत नाही' हेही लिही."

दुसऱ्या दिवशी हे इक्कांना सांगितलं. त्यांनी लगूनचा नकाशा वाळूत काठीने काढून दाखवला, गवताच्या जुन्या जागांसह. तो माझ्या जीपीएसवरच्या बिंदूंपेक्षा भरगच्च होता. त्यांची अट एकच होती. नाव छापायचं नाही, पण जे निघेल ते छापायच्या आधी इथे येऊन सांगायचं, याच जेट्टीवर, सगळ्यांसमोर, आणि इंग्रजीत नाही. विद्यापीठातल्या तोंडी परीक्षेची मला फारशी धास्ती नाही. तिथले प्रश्न पुस्तकांतून येतात. या जेट्टीवर बसणाऱ्या परीक्षकांना लगूनमधला गवताचा प्रत्येक जुना तुकडा ठाऊक आहे, आणि त्यांच्यासमोर उभं राहण्यासाठी मी सध्या जेसेरी शिकते आहे.